लिटर मध्यस्थ ठेवावा: द्रवाच्या मापांचे रूपांतर कसे करावे

गोव्यातल्या साध्यासुध्या घरालाही द्रव मोजण्याच्या अनेक पद्धतींशी संबंध ठेवावा लागतो. नळाच्या पाण्याचे बिल घनमीटरात येते, गच्चीवरची टाकी लिटरांत विकली जाते, औषधाच्या बाटलीवर मिलिलिटर असतात, पोर्तुगालमधल्या नातेवाइकांकडून आलेल्या पाककृतीत डेसिलिटर असतो आणि लंडनहून किंवा अमेरिकेहून आणलेल्या डब्यावर औंस असतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रे पाऊस इंचांत सांगतात आणि म्हादई नदीच्या पाण्याची बातमी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत येते. या सगळ्या आकड्यांमागे प्रश्न एकच असतो, तो म्हणजे ‘हे नेमके किती?’ उत्तर काढायला अवघड गणित लागत नाही. चौथी-पाचवीचा गुणाकार-भागाकार पुरतो. मात्र तो ठरावीक शिस्तीने करावा लागतो, आणि ही शिस्त एकदा अंगवळणी पडली की पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

पद्धत

प्रत्येक एकक दुसऱ्या प्रत्येक एककात थेट बदलण्याचा प्रयत्न करू नये. लिटर धरून पंधरा एकके घेतली तर त्यांच्या आपापसांतल्या जोड्या १०५ होतात, आणि तेवढे गुणक कोणीही लक्षात ठेवू शकत नाही. त्याऐवजी प्रत्येक एकक म्हणजे किती लिटर, एवढेच टिपून ठेवले तर चौदा गुणकांत काम भागते. हाती आलेले माप आधी लिटरमध्ये आणावे, मग लिटरवरून हव्या त्या एककात न्यावे. यात एक पायरी वाढते, पण चूक कुठे झाली ते शोधणे फार सोपे होते.

दुसरी गोष्ट अशी की आकडा कधीही एकटा लिहू नये. त्याच्या शेजारी एकक लिहावे आणि गुणकही एककासह लिहावा, म्हणजे नको असलेले एकक वर आणि खाली आल्याने कटते व हवे ते शिल्लक राहते. अमेरिकेहून आलेल्या थंड पेयाच्या कॅनवर १२ द्रव औंस लिहिलेले असेल तर मांडणी अशी होईल:

१२ औंस × (२९.५७ मिलिलिटर ÷ १ औंस) = ३५४.८ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३५५ मिलिलिटर.

येथे औंस कटला आणि मिलिलिटर उरले. चुकून भागाकार केला असता तर उरलेले एकक ‘औंसचा वर्ग भागिले मिलिलिटर’ असे विचित्र झाले असते आणि चूक कागदावरच उघडी पडली असती. गुणावे की भागावे, या संभ्रमावर एवढा खात्रीचा उपाय माझ्या माहितीत दुसरा नाही.

तिसरी तपासणी तोंडी करता येते. लहान एककाकडे जाताना आकडा वाढला पाहिजे आणि मोठ्या एककाकडे जाताना तो कमी झाला पाहिजे. लिटरचे गॅलन करताना आकडा वाढला असेल तर कॅल्क्युलेटर काहीही दाखवो, उत्तर चुकलेले आहे.

दशमान मापे आणि घनमीटर

एक लिटर म्हणजे १० डेसिलिटर, १०० सेंटिलिटर किंवा १,००० मिलिलिटर. एक मिलिलिटर आणि एक घन सेंटिमीटर एकच. डॉक्टर ज्याला ‘सीसी’ म्हणतात ते हेच. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याने व्यापलेली जागा अशी होती, त्यामुळे तो घन डेसिमीटरपेक्षा नगण्य प्रमाणात मोठा भरत असे. १९६४ पासून लिटर म्हणजे बरोबर एक घन डेसिमीटर, आणि म्हणून लांबी-रुंदीवरून लिटर काढताना कोणतीही दुरुस्ती करावी लागत नाही.

गफलत होते ती घनमीटरापाशी. मीटरचे डेसिमीटर दहा होतात, पण घनमीटरचे घन डेसिमीटर दहा होत नाहीत. ते १० × १० × १० म्हणजे १,००० होतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, हे एक नाते पक्के केले की पाण्याचे बिल वाचता येते. मीटरच्या तबकडीवरचे काळे आकडे सहसा पूर्ण घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याखालचा अंश दाखवतात. मागच्या आणि या महिन्याच्या काळ्या आकड्यांतला फरक हाच वापर. २०२१ साली राज्य सरकारने घरगुती ग्राहकांना दरमहा १६ घनमीटरपर्यंत पाणी मोफत देण्याची घोषणा केली होती. त्या आकड्याचे रूपांतर करून पाहावे: १६ घनमीटर म्हणजे १६,००० लिटर, तीस दिवसांनी भागल्यास दिवसाला सुमारे ५३३ लिटर, चार माणसांच्या घरात माणशी सुमारे १३३ लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्या देशात माणशी १३५ लिटरांचा निकष धरला जातो, त्याच्या हा आकडा अगदी जवळ येतो. नुसत्या ‘१६’ या आकड्यावरून हे कळले नसते.

टँकरवाले ‘दहा घनमीटरचा टँकर’ म्हणतात तेव्हा ते १०,००० लिटर पाणी सांगत असतात. आपली जमिनीखालची टाकी तेवढे पाणी घेईल का, हे टँकर दारात येण्याआधी मोजलेले बरे.

टाकी आणि विहीर

चौकोनी टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून गुणावी आणि १,००० ने गुणून लिटर काढावेत. आतून २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर पाण्याची उंची असलेल्या टाकीत ३.६ घनमीटर म्हणजे ३,६०० लिटर पाणी मावते. गवंडी बहुधा फुटांत बोलतात, तेव्हा घनफुटांना २८.३२ ने गुणावे, कारण एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर आणि त्याचा घन केला की २८.३१६८ लिटर येतात.

यात ‘आतली’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. बाहेरून ६ × ५ × ४ फूट दिसणारी टाकी १२० घनफूट, म्हणजे जवळजवळ ३,४०० लिटरांची वाटते. पण भिंती आणि तळ सहा-सहा इंच जाडीचे असतील तर आतले माप ५ × ४ × ३.५ फूट उरते, म्हणजे ७० घनफूट किंवा १,९८२ लिटर. रूपांतराचा गुणक बरोबर असूनही मोजमाप चुकल्याने उत्तर दीडपटीहून अधिक फुगते. शिवाय पाणी काठोकाठ कधीच भरत नाही. तरंगत्या झडपेची उंची सोडून मोजावे.

गोल विहिरीसाठी काठाच्या आतून व्यास मोजावा. व्यासावर टेप धरता येत नसेल तर आतल्या कडेने दोरी फिरवून परीघ घ्यावा आणि त्याला ३.१४ ने भागावे. पाण्याची खोली दगड बांधलेली दोरी सोडून, भिजलेला भाग मोजून कळते. मग व्यासाचा वर्ग × ०.७८५ × खोली असा हिशेब केला की घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत ९ × ०.७८५ × ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे सुमारे २८,२६० लिटर पाणी असते. व्यासाच्या जागी चुकून त्रिज्या घातली तर उत्तर चौथ्या हिश्शावर येते.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नाही. पावसाळ्याच्या तोंडी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तिचे रूढ प्रमाण चांगल्या प्रतीच्या पावडरीसाठी १,००० लिटरांना अडीच ग्रॅम असे आहे. वरच्या विहिरीला त्यामुळे सुमारे ७१ ग्रॅम लागते. अंदाजाने मूठभर टाकणारे कधी फारच कमी टाकतात आणि पाणी शुद्ध झाल्याच्या समजुतीत राहतात, तर कधी इतके जास्त टाकतात की आठवडाभर चहाला क्लोरीनचा वास येतो. पाण्याचे आकारमान आधी काढून मगच आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याला प्रमाण विचारावे, म्हणजे त्यालाही नेमके सांगता येते.

पाऊस

पावसाच्या रूपांतराचे एक नाते इतके सुबक आहे की ते प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमते. एक मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग आणि घनमीटरचा हजारावा भाग म्हणजेच लिटर, म्हणून हे जुळते.

आपल्याकडची वर्तमानपत्रे हंगामी पावसाने शंभर इंच ओलांडले की ते ठळकपणे छापतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे शंभर इंच म्हणजे २,५४० मिलिमीटर. ८० चौरस मीटर छपरावर एवढ्या पावसाचे २,५४० × ८० = २,०३,२०० लिटर पाणी पडते. त्यातले थोडे कौले शोषतात, थोडे उडते, थोडे पन्हळीबाहेर जाते, म्हणून ०.८ ने गुणून सुमारे १,६२,५०० लिटर धरणे सुरक्षित. कौलारू छपराचे क्षेत्रफळ उताराच्या पृष्ठभागावरून काढू नये. पाऊस पकडते ती जमिनीवर पडणारी छपराची सावली, म्हणून वळचणीपासून वळचणीपर्यंत जमिनीवर मोजलेली लांबी-रुंदीच घ्यावी. उताराची कौले मोजली तर पाणी कागदावर वाढते, टाकीत वाढत नाही.

धरणे, नद्या आणि टीएमसी

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. घनफुटाचा गुणक वर आलाच आहे, म्हणून एक टीएमसी म्हणजे २८.३१६८ दशलक्ष घनमीटर, किंवा २,८३१.६८ कोटी लिटर. येथे गोंधळ बहुतेक वेळा शून्यांचा होतो, कारण इंग्रजी बातम्या मिलियन-बिलियनमध्ये मोजतात आणि आपण लाख-कोटीत मोजतो. दहा लाख म्हणजे एक दशलक्ष, शंभर कोटी म्हणजे एक अब्ज, हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून मगच पुढे जावे.

म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी खोऱ्याबाहेर वळवण्यासाठी आहे: कळसा प्रकल्पासाठी १.७२ आणि भंडुरा प्रकल्पासाठी २.१८. या विषयावर आपल्याकडे तळमळीने बोलले जाते आणि बोललेच पाहिजे, पण ३.९ टीएमसी म्हणजे किती पाणी, हे डोळ्यांपुढे आणून बोलणारे फार कमी भेटतात. ३.९ × २८.३१६८ = ११०.४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ११,०४४ कोटी लिटर. आता हा आकडा आपल्या ओळखीच्या जलाशयाशेजारी ठेवावा. साळावली धरणाचा एकूण साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर आहे, २८.३१६८ ने भागल्यास तो ८.२६ टीएमसी होतो. म्हणजे वळवायचे पाणी हे काठोकाठ भरलेल्या साळावलीच्या निम्म्याहून थोडे कमी आहे. दोन्ही आकडे एकाच एककात आणल्याखेरीज ही तुलना करता येत नाही, आणि तुलना केल्याखेरीज मत बनवू नये असे मला वाटते.

जलशुद्धीकरण प्रकल्पांची क्षमता एमएलडीत देतात. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजेच दिवसाला १,००० घनमीटर. साळावलीचा १६० एमएलडीचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला १,६०,००० घनमीटर पाणी शुद्ध करतो. यात ‘दिवसाला’ हा शब्द विसरू नये. एमएलडी हा प्रवाह आहे, साठा नव्हे, आणि प्रवाहाचे टीएमसी करायचे तर किती दिवसांचे, हे सांगावेच लागते. क्युसेकचेही तसेच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३२ लिटर, दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणल्यास साधारण २.४५ एमएलडी. धरणाच्या दारांतून ११,५७४ क्युसेक पाणी सलग चोवीस तास सुटले तर एक टीएमसी बाहेर पडते. क्युमेक हे वेगळे माप आहे. ते सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे ३५.३ क्युसेक इतके असते. बातमीत एका अक्षराचा फरक पडला तर पूर पस्तीसपट मोठा किंवा लहान होतो.

गॅलन, पिंट आणि औंस: दोन देशांची दोन मापे

परदेशी मापांत सर्वाधिक चुका येथे होतात, कारण नाव एक असून माप दोन आहेत. अमेरिकेने अठराव्या शतकातला इंग्लंडचा वाइन गॅलन कायम ठेवला. तो २३१ घन इंचांचा, म्हणजे ३.७८५ लिटरांचा. इंग्लंडने मात्र १८२४ साली दहा पौंड पाण्याच्या आकारमानावरून नवा गॅलन ठरवला, तो आज बरोबर ४.५४६०९ लिटर मानला जातो. म्हणून कोणत्याही गॅलनचे रूपांतर करण्याआधी तो कोणत्या देशाचा, हे विचारावे. डब्यावर उत्पादनाचा देश छापलेला असतो. तो सापडला नाही आणि डब्यावर लिटरही दिलेले नसतील तर रूपांतर करू नये.

टिपून ठेवण्याजोगे गुणक असे:

इंग्लंड: गॅलन ४.५४६ लिटर, पिंट ५६८ मिलिलिटर, द्रव औंस २८.४१ मिलिलिटर.
अमेरिका: गॅलन ३.७८५ लिटर, पिंट ४७३ मिलिलिटर, द्रव औंस २९.५७ मिलिलिटर, कप २३६.६ मिलिलिटर.
कच्च्या तेलाचे बॅरल: अमेरिकेचे ४२ गॅलन, म्हणजे सुमारे १५९ लिटर.

यात एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. अमेरिकेचा गॅलन लहान, पण औंस मोठा. कारण इंग्लंडच्या गॅलनमध्ये १६० औंस असतात आणि अमेरिकेच्या गॅलनमध्ये १२८. त्यामुळे ‘इंग्लंडचे माप मोठे’ असा सरसकट नियम करून चालत नाही. याचा परिणाम फवारणीत दिसतो. परदेशी औषधाच्या डब्यावर ‘गॅलनला एक औंस’ असे लिहिलेले असेल तर अमेरिकेच्या मापाने १,००० ÷ १२८ = लिटरला ७.८ मिलिलिटर होते, आणि इंग्लंडच्या मापाने १,००० ÷ १६० = लिटरला ६.२५ मिलिलिटर. सोळा लिटरांच्या पाठीवरच्या पंपाला पहिल्या हिशेबाने १२५ आणि दुसऱ्याने १०० मिलिलिटर लागेल. पंचवीस टक्क्यांचा हा फरक सुपारीच्या बागेत किंवा भाजीच्या वाफ्यावर क्षुल्लक मानता येणार नाही.

आपल्या बाजारातल्या औषधांचे प्रमाण लिटरला मिलिलिटर असेच असते, तेथे काम सरळ आहे: लिटरला २ मिलिलिटर असेल तर सोळा लिटरांना ३२. गवत कापण्याच्या यंत्राला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, तेथे प्रमाण १ : ५० असे दिलेले असते. लिटरचे १,००० मिलिलिटर भागिले ५० म्हणजे पेट्रोलच्या दर लिटरला २० मिलिलिटर तेल. १ : २५ असेल तर ४०.

स्वयंपाकघर

पोर्तुगीज पाककृतीतला ‘डीएल’ म्हणजे डेसिलिटर, १०० मिलिलिटर. ‘२ डीएल नारळाचे दूध’ म्हणजे २०० मिलिलिटर, आपल्या नेहमीच्या लहान पेल्याएवढे. वाइनच्या बाटलीवरचे ७५ सीएल म्हणजे ७५० मिलिलिटर. इंटरनेटवरच्या पाककृतींतला कप अमेरिकेचा असेल तर सुमारे २४० मिलिलिटर धरावा, ऑस्ट्रेलियाचा असेल तर २५०. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा मात्र २० मिलिलिटरांचा असतो, इतरत्र तो १५ चा. बेबिंकासारख्या पदार्थात, जेथे अंडी, साखर आणि नारळाच्या दुधाचे प्रमाण थरागणिक जपावे लागते, तेथे एकच कप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरला तर तो २४० चा की २५० चा याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते काही जिन्नस कपाने आणि काही ग्रॅमने मोजल्यावर.

याच ठिकाणी वजन आणि आकारमान यांची गल्लत होते. पाण्याचा एक लिटर व्यवहारात एक किलो धरता येतो, इतर द्रवांचा धरता येत नाही. खोबरेल तेलाचा लिटर सुमारे ९२० ग्रॅम भरतो, दुधाचा सुमारे १,०३० ग्रॅम, मधाचा १,४०० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत खोबरेल सुमारे ६९० ग्रॅम राहते, आणि घाण्यावरून किलोने घेतलेले तेल लिटरने विकत घेतलेल्या तेलापेक्षा आकारमानाने जास्त असते: एक किलो म्हणजे सुमारे १.०९ लिटर. दोन दुकानांतले दर ताडून पाहताना आधी दोन्ही दर किलोवर किंवा दोन्ही लिटरवर आणावेत. दहा किलो दूध म्हणजे १० ÷ १.०३, सुमारे ९.७ लिटर, डेअरीला दूध घालणाऱ्याला हा फरक वर्षभरात जाणवण्याएवढा असतो. औंसाचेही असेच आहे: वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो, आणि लोणी किंवा चीज यांच्या वेष्टनावरचा औंस तोच असतो, द्रवाचा नव्हे.

औषध

येथे मी कोणतीही सवलत देणार नाही. औषधाचा लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, पण घरातल्या स्टीलच्या चमच्यांना हे माप लागू होत नाही; ते आपापल्या घडणीप्रमाणे कमी-अधिक भरतात. लहान मुलांना औषध देताना बाटलीसोबत आलेले मापाचे टोपण किंवा सिरिंजच वापरावी.

मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची अदलाबदल ही त्याहून धोक्याची. एकाच औषधाचे सिरप ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळू शकते. डॉक्टरांनी १०० मिलिग्रॅम सांगितले असेल तर पहिल्या बाटलीतून १०० × ५ ÷ १२५ = ४ मिलिलिटर द्यावे लागेल आणि दुसऱ्या बाटलीतून २ मिलिलिटर. बाटली बदलली की मागच्या वेळचे माप वापरू नये, आणि केलेला हिशेब औषध देण्याआधी डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला दाखवून घ्यावा.

फेणी, बाटल्या आणि गराफांव

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गावच्या भाटीवरचा, म्हणजे फेणी गाळण्याच्या जागेवरचा व्यवहार अजूनही भांड्यांवर चालतो, आणि भांडी एकसारखी नसतात. गराफांवात, म्हणजे बाहेरून वेत विणलेल्या काचेच्या मोठ्या बाटलीत किती मावते, हे त्या गराफांवालाच विचारावे लागते. ते कसे विचारावे, ते पुढे सांगितले आहे. २० लिटर मावत असतील तर ७५० मिलिलिटरच्या २६ बाटल्या भरून ५०० मिलिलिटर उरतात. बाजारातली क्वार्टर १८० मिलिलिटरची, हाफ ३७५ ची; चार क्वार्टर म्हणजे ७२० मिलिलिटर, पूर्ण बाटली नव्हे. मोठा पेग ६० मिलिलिटरचा आणि लहान ३० चा. बिअरचा ‘पिंट’ आपल्याकडे ३३० मिलिलिटरचा असतो, इंग्लंडच्या पिंटशी त्याचा संबंध लावू नये. भाटीवर ऐकू येणारा ‘ग्राव’ हे दारूच्या तीव्रतेचे माप आहे; त्याचे लिटर होत नाहीत.

मिश्रण करणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावे. अर्धा लिटर शुद्ध मद्यार्क आणि अर्धा लिटर पाणी एकत्र केले तर एक लिटर भरत नाही. दोहोंचे रेणू एकमेकांत दाटीने बसत असल्याने मिश्रण तीन ते चार टक्के कमी भरते. म्हणून तीव्रता कमी करताना ठरलेले पाणी ओतून थांबू नये. पाणी हळूहळू घालत अपेक्षित एकूण आकारमानापर्यंत आणावे.

अनोळखी भांडे कसे मोजावे

गराफांव असो, आजीची तांब्याची कळशी असो वा हंडा, उपाय एकच. रिकामे भांडे वजनकाट्यावर ठेवून वजन टिपावे, मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा वजन करावे. दोन वजनांतले जितके किलो, तितके लिटर. आपल्याकडच्या तीस अंश उष्णतेला पाण्याचा लिटर ९९६ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे चूक अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी राहते. वजनकाटा पुरेसा मोठा नसेल तर माहीत असलेल्या मापाने मोजत पाणी ओतावे. मापाचे भांडे सपाट जागी ठेवून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून, वक्र पृष्ठभागाचा खालचा भाग वाचावा. एकदा मोजले की रंगाने लिटर भांड्यावरच लिहून ठेवावेत.

पेट्रोल पंपावर मापाविषयी शंका आली तर तेथे ठेवलेले पाच लिटरांचे प्रमाणित माप भरून दाखवण्याची मागणी ग्राहकाला करता येते. पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते, साधारण दर अंशाला हजारात एक भाग. दहा अंशांच्या फरकाने पन्नास लिटरांत अर्ध्या लिटरच्या आसपास बदल होतो. पाण्याच्या किंवा दुधाच्या घरगुती हिशेबात उष्णतेचा विचार करण्याचे कारण नाही.

किती अंक ठेवावेत

हिशेब चालू असताना अंक कापू नयेत. शेवटच्या उत्तरात एकदाच पूर्णांकन करावे. किती अंकांपर्यंत, हे मूळ मोजमाप किती नेमके होते यावर ठरते. साळावलीचा साठा ‘सुमारे २३४’ दशलक्ष घनमीटर म्हणून घेतला असेल तर उत्तर ८.२६ टीएमसी पुरे. कॅल्क्युलेटरने दाखवलेले ८.२६३६४६ हे अंक मोजलेले नाहीत, केवळ भागाकाराने आलेले आहेत. विहिरीचे २८,२६० लिटरही बोलताना २८,००० म्हणावेत. लवादाने दिलेले २४ टीएमसी मात्र मोजलेले नसून ठरवून दिलेले आहेत, म्हणून तेथे गुणक अपुरा ठेवू नये. २८.३ ने गुणल्यास ६७९.२ दशलक्ष घनमीटर येतात आणि २८.३१६८ ने गुणल्यास ६७९.६. या दोन उत्तरांतला फरक सुमारे ४० कोटी लिटरांचा आहे, म्हणजे १६० एमएलडीचा प्रकल्प अडीच दिवस चालेल एवढे पाणी.